मुलगी स्पितीला ‘व्हॉलंटिअर’ म्हणून जाते म्हणायलीय, वर पैसेही आपणच भरायचे. हे नेमकं काय प्रकरण आहे?

जुळे_सोलापूरकर
मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, परीक्षा आटपली की हिमाचलात स्पितीला जाते म्हणायलीय. ट्रेकला नाही, व्हॉलंटिअरिंगला. डोंगरातल्या कुठल्यातरी गावात चार आठवडे राहायचं, शाळेतल्या पोरांना इंग्रजी शिकवायचं, शाळेच्या भिंती रंगवायच्या, रविवारी साइटसीईंग, आणि या सगळ्याचे पस्तीस हजार आपणच त्या कंपनीला भरायचे, प्रवासखर्च वेगळा. मी म्हटलं अगं राबायचं तू आणि पैसेही तूच द्यायचे, हा कुठला हिशोब? तर म्हणे बाबा तुम्हाला नाही कळणार. हिच्या आईला उंचीची आणि मोबाईलच्या रेंजची काळजी. मला वेगळीच काळजी आहे, की आपली पोरगी तिथं जाऊन त्या गावाच्या नेमकी कशाच्या उपयोगी पडणार. विरोध नाही माझा. कोणी गेलंय का, असल्या गावांत कोणी काम केलंय का, सांगा. ‘जाऊ द्या हो, आयुष्य एकदाच मिळतं’ असली उत्तरं नकोत, ती घरात रोज ऐकतोय.

कडक_भाकरी
काका, पस्तीस हजारात आमच्या अक्कलकोट तालुक्यात पाठवा की. तूर पेरायला लावतो, दोन टाइम भाकरी-शेंगाचटणी फुकट, सर्टिफिकेट पण छापून देतो. ऊन पाहिजे तेवढं.

हिमालय_वारी
भाकरीशेठची चेष्टा सोडा, पण मुद्दा तोच आहे. आधी पैशाचं बोलतो, कारण तिथंच सगळे अडकतात. पैसे घेतात म्हणजे फसवतात असं नाही. तुम्ही तिथं राहणार, जेवणार, चुलीतलं जळण वापरणार, आणि तिकडं जळण म्हणजे गंमत नाही, झाडंच नाहीत, शेणाच्या गोवऱ्या आणि खालून ट्रकनं आणलेलं लाकूड. घरातली बाई शेतातून येऊन तुमच्यासाठी भात टाकणार. त्याचे पैसे द्यायलाच पाहिजेत. प्रश्न एवढाच, की पस्तीस हजारातले गावात किती उतरतात आणि दिल्ली-बेंगळुरूच्या ऑफिसात किती राहतात. हे कंपनीला सरळ फोन करून विचारा. जे लोक नीट काम करतात ते लगेच सांगतात, एवढे होमस्टेला, एवढे गावाच्या फंडात, एवढे आमच्या पगाराला.

चांगलं उदाहरण सांगायचं तर लडाखमध्ये हेमिस नॅशनल पार्कात रुंबक म्हणून गाव आहे. तिथं हिमबिबट्या मेंढ्या मारायचा आणि लोक चिडून त्याला मारायचे. मग स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सीच्या मदतीनं घरोघरी होमस्टे चालू झाले. पाहुणा आला की पाळी ज्या घराची त्या घरी जातो, म्हणजे ज्याचं इंग्रजी चांगलं त्यालाच सगळी गिऱ्हाईकं असं होत नाही, आणि कमाईतला काही हिस्सा गावाच्या फंडात जातो. आता तोच बिबट्या बघायला लोक पैसे मोजून येतात. हे सगळं ठरवलंय गावानं, पाहुण्यानं नाही. आपल्या मुलीच्या प्रोग्रॅममध्ये गावानं काय ठरवलंय, ते शोधा.

निवृत्त_मास्तर
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलं, त्यामुळे ‘चार आठवडे इंग्रजी शिकवणे’ या भागाबद्दलच बोलतो. पहिली गोष्ट, हिमाचलला मागास समजून कोणी जाऊ नये. २०११ च्या जनगणनेत हिमाचलची साक्षरता ८२.८ टक्के होती आणि आपल्या महाराष्ट्राची ८२.३. म्हणजे ते आपल्यापेक्षा जरा वरच आहेत. दुसरी गोष्ट, वर्गात नवीन माणूस आला की पोरं आठवडाभर नुसती त्याच्याकडे बघत असतात. दुसऱ्या आठवड्यात नावं पाठ होतात, तिसऱ्यात जरा कुठं ऐकायला लागतात, चौथ्यात बाई निघाल्या. मग पुढची बाई येते ती परत ए फॉर ॲपलपासून. वर्षात अशा पाच-सहा बाया येऊन गेल्या की पोरांना फोटोला उभं राहायची सवय तेवढी चांगली लागते. तिथला नेमलेला शिक्षक असतो ना, त्याचा तर विचारच कोणी करत नाही, तो बिचारा आपला अभ्यासक्रम बाजूला ठेवून पाहुण्यांना वर्ग देतो.

शिकवणं वाईट आहे असं नाही. लडाखमध्ये सेकमोल म्हणून संस्था आहे, १९८८ पासूनची, तिथं बाहेरून आलेल्या व्हॉलंटिअरकडून काम काय करून घेतात तर तिथल्या मुलामुलींशी इंग्रजीत गप्पा मारायच्या. अभ्यासक्रम त्यांचा, वेळापत्रक त्यांचं, पाहुण्याचा उपयोग जीभ सैल करायला. माणूस बदलला तरी काही बिघडत नाही, उलट वेगवेगळे उच्चार कानावर पडतात. याला म्हणतात डोकं लावून काम वाटणं.

पार्क_चौक
गुरुजींनी शाळेचं सांगितलं, मी नेपाळचं सांगतो कारण तिकडचं बघून मला या सगळ्या प्रकाराची भीतीच बसलीय. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा भूकंप झाला, केंद्र गोरखा जिल्ह्यात, जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. नंतर जगभरातून मदतीला लोकांचा लोंढा आला, त्यात कामाचे पण होते आणि नुसते हौशी पण. पण अनाथाश्रमाचा धंदा त्याच्याही आधीपासूनचा. एजंट वरच्या डोंगरातल्या गावात जाणार, पोराला शहरात चांगल्या शाळेत घालतो म्हणून आईबापाकडूनच पैसे घेणार आणि पोरगं खाली आणून अनाथ म्हणून ठेवणार, की आले परदेशी व्हॉलंटिअर पैसे भरून प्रेम करायला. हे आश्रम आहेत कुठं बघा, बहुतेक सगळे काठमांडू खोरं, पोखरा, चितवन, म्हणजे जिथं टूरिस्ट तिथं. युनिसेफवाले कधीपासून ओरडून सांगायलेत की यातल्या बहुतेक पोरांचे आई किंवा बाप, कोणीतरी एक जिवंत असतं. ऑस्ट्रेलियात २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा आला तेव्हा या अनाथाश्रम-ट्रॅफिकिंगची पण त्यात दखल घेतली गेली. म्हणजे बघा, चांगल्या मनानं दिलेल्या पैशानं मागणी तयार झाली आणि मागणी आहे म्हणून पोरं आणली गेली. त्यामुळे जिथं लहान पोरं आणि बिनचौकशीचे पाहुणे एका जागी आणतात तिथं मी तरी पोरीला पाठवणार नाही.

जुळेकरांची_कन्या
बाबांनी इथं धागा काढलाय हे मला आत्ता मैत्रिणीनं स्क्रीनशॉट पाठवला म्हणून कळलं, थँक्यू बाबा 🙏 काका, मावशी, सर, सगळ्यांना नमस्कार.

मी अनाथाश्रमात नाही चालले, सरकारी शाळा आहे. आणि मला एक सांगा, मी हेच पस्तीस हजार घेऊन मनालीत हॉटेलात राहून बर्फात रील्स काढून आले असते तर कोणी धागा काढला असता का? माझ्या वर्गातले निम्मे तेच करायलेत, त्यांना कोणी विचारत नाही की मनालीला तुझा काय उपयोग. चांगलं काहीतरी करायला निघालं की लगेच पन्नास प्रश्न. मला माहितीय मी तिथं जाऊन कोणाचा उद्धार करणार नाही. पण शिकायला तर मिळेल?

हिमालय_वारी
हा प्रश्न एकदम रास्त आहे बेटा. तू शिकायला जातीयस असं सरळ म्हणालीस तर निम्मं भांडण तिथंच मिटतं. मग फक्त एवढंच, की तुझ्या शिकण्याचा खर्च त्या पोरांच्या वर्गाच्या वेळातून जाऊ नये.

मनालीवाल्यांना विचारत नाही हे खरं, पण विचारायला पाहिजे. २०२३ च्या जुलैत तिकडच्याच चंद्रताल तळ्यालगत पाऊस-बर्फात पर्यटक अडकले होते, त्यांना काढायला कोण राबलं? तिथलीच माणसं.

बार्शी_लाईट
मी बार्शी तालुक्यातला. आपल्याकडं हे सगळं झालंय की ओ, स्पितीला कशाला जाता उदाहरणं शोधायला. वॉटर कप आठवतो का? पाणी फाउंडेशननं २०१६ ते २०१९ चालवलेली गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, एप्रिल-मेच्या उन्हात पंचेचाळीस दिवस. शहरातल्या लोकांना जलमित्र म्हणून नाव नोंदवायला सांगितलं होतं आणि १ मेला महाश्रमदान. सोलापुरातून, पुण्यातून गाड्या भरून लोक यायचे, टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन. खरं सांगतो, यातल्या निम्म्या लोकांना टिकाव कसा धरायचा माहीत नव्हता. एका साहेबांनी चर खणायच्या ऐवजी बांधावरच घाव घातला, बायका हसून हसून बेजार. तासाभरात हाताला फोड, मग सावलीत बसून फोटो.

तरी त्या दिवसाचा उपयोग झाला, आणि का झाला ते समजून घ्या. गावातलीच माणसं आधी ट्रेनिंगला जाऊन आलेली. कंटूर कुठं जातो, चर कुठं घ्यायचा, माती नाला बांध कुठं, हे सगळं फक्की मारून ठेवलेलं. जलमित्राला फक्त एवढंच सांगायचं, भाऊ या रेषेपासून त्या रेषेपर्यंत खण. तो अर्धवट टाकून गेला तरी दुसऱ्या दिवशी गावातलं कोणीतरी पुरं करायचं. डोकं गावाचं, पाहुण्याचा नुसता हात. आणि तो पाहुणा घरी जाऊन चार लोकांना सांगायचा, त्यातून कोणीतरी पोकलेनच्या डिझेलला पैसे द्यायचं, तो फायदा फोडापेक्षा मोठा. २०१९ चा पहिला नंबर आमच्या तालुक्यातल्या सुर्डीनं काढला, पंचाहत्तर लाखाचं बक्षीस. ते बक्षीस जलमित्रांनी नाही मिळवलं, रोज पहाटे पाटी-खोरं घेऊन माळावर जाणाऱ्या लोकांनी मिळवलं.

उलट उदाहरण पण देतो. एक मोठा ग्रुप आमच्या शेजारच्या गावात आला, न विचारता. त्यांना झाडंच लावायची होती. मे महिन्यात! प्यायला टँकर आणि हे रोपं घेऊन उतरले. गावानं मान राखायचा म्हणून खड्डे काढून दिले, जेवण घातलं, सरपंचानं टॉवेल-टोपी दिली. रोपं जून उजाडायच्या आत वाळली. पंगतीत एखादा पाहुणा हौसेनं वाढायला उभा राहतो, त्याला मीठ कुठं बुंदी कुठं काही माहीत नसतं आणि त्याला सांगता सांगता आचाऱ्याचा घाम निघतो, तसला प्रकार.

कडक_भाकरी
आमच्या एनएसएस कॅम्पचं पण सांगा की कोणीतरी. सात दिवस दत्तक गाव, दरवर्षी तोच रस्ता झाडायचा, तेच मंदिर धुवायचं, संध्याकाळी हुंडाबंदीवर पथनाट्य. गाववाल्यांना डायलॉग पाठ झाले होते, आमचा एक पोरगा विसरला तर कट्ट्यावरच्या आजोबांनी पुढचं वाक्य सांगितलं 😂

पांढरा_एप्रन
मी नर्स आहे, मेडिकल कॅम्पबद्दल माझंही मत असंच आहे. एका दिवसाच्या कॅम्पमध्ये बीपी सापडतं, गोळ्या दहा दिवसाच्या देतात, अकराव्या दिवशी काय? तिथल्या आशाताईकडे नाव गेलं नाही तर त्या कॅम्पचा उपयोग नाही.

पण सगळेच बाहेरचे लोक बिनकामाचे असं धरून चालू नका. आपण सोलापूरकर आहोत, भैय्या चौकातून जाताना डॉ. कोटणिसांचं स्मारक दिसतं की नाही? १९३८ ला चीनला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात आपल्या गावचा हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा. तो पण स्वयंसेवकच होता. फरक काय तर हातात सर्जरीची विद्या होती, लढाईमुळं तिथं डॉक्टर पाहिजेतच होते आणि बोलावणं तिकडूनच आलेलं. वर तो तिथली भाषा शिकला. बाकीचे परत आले, हा थांबला, उत्तर चीनच्या डोंगराळ भागात जखमींवर ऑपरेशनं करत राहिला, आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथंच गेला, बत्तीस वर्षांचा. सगळ्यांनी मरेपर्यंत थांबावं असं माझं म्हणणं नाही गं बाळा. पण तुझ्या हातात काय विद्या आहे, हे त्या कंपनीनं तुला विचारलं का?

जुळेकरांची_कन्या
अक्का, आत्ता फॉर्म परत उघडून बघितला. नाव, ब्लड ग्रुप, टी-शर्टचा साइज, इन्स्टा हँडल, व्हेज-नॉनव्हेज. शिक्षण काय, काय येतं, असा कॉलमच नाही. पोलीस व्हेरिफिकेशन पण मागितलं नाही, पोरांसोबत काम असून. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बार्शी_लाईट
मग झालं की! सिव्हिलवाली पोरगी, लेव्हल (जमिनीचा उतार मोजायचं यंत्र) लावता येते, तिला एबीसीडी शिकवायला कशाला न्यायलेत? तिकडं शेतीला पाणी कसं येतं माहितीय का, वरच्या बर्फाचं वितळलेलं पाणी लांबलांबून चरातनं आणतात, कूल म्हणतात त्याला. पाऊस जवळपास नाहीच. वर बर्फ कमी पडला की खाली मटार वाळला. त्या कूलची दुरुस्ती दरवर्षी असते. तिथं तुझ्या डंपी लेव्हलची किंमत आहे, इंग्रजीची नाही.

हिमालय_वारी
कूलचं काम गाववाले पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यानं उतार बघून करतात हो, तिथं जाऊन लेव्हल लावायची घाई करू नको, आधी त्यांचं बघ. पण बांधकामाचा मुद्दा बरोबर आहे. स्पितीत हिवाळ्यात उणे पंचवीसच्या खाली जातं, महिनोन्‌महिने हिरवी भाजी नाही. त्यामुळे तिथं ग्रीनहाऊस बांधतात, दक्षिणेकडं तोंड करून, पुढं प्लास्टिक आणि बाकी तीन बाजूंनी जाड मातीच्या भिंती, दिवसाचं ऊन भिंतीत साठतं आणि रात्री आत ऊब देतं, हिवाळ्यातही पालक निघतो. स्पितीतल्या काझा गावात स्पिती इकोस्फिअर म्हणून संस्था आहे, ती हे काम करते आणि बाहेरच्या व्हॉलंटिअरना त्यात घेते. मातीच्या विटा पाडणं, भिंत रचणं, हे असं काम आहे की नवशिक्याच्या हातून वाकडं झालं तर शेजारचा मिस्त्री लगेच सरळ करतो. आणि सिव्हिलवालीला तर फुकटात पॅसिव्ह सोलरचं प्रॅक्टिकल.

स्पितीच पाहिजे असं नसेल तर उत्तराखंडात मुनस्यारीजवळ सरमोली बघ. तिथं बायकाच होमस्टे चालवतात आणि वन पंचायतीशी ते जोडलेलं आहे, म्हणजे घरात पाहुणे ठेवायचे तर जंगल राखायची जबाबदारी पण आली. २०२३ ला केंद्राच्या पर्यटन खात्यानं त्यांना उत्कृष्ट पर्यटन गाव म्हणून निवडलं.

पुण्यात_पोटापाण्यासाठी
एवढं लांब जायचं नसेल तर मेळघाट आहे. पुण्याची मैत्री संस्था १९९७ पासून पावसाळ्यात धडक मोहीम काढते. कोरकू गावांत पावसाळ्यातच बालमृत्यू वाढायचे, रस्ते तुटलेले, उपासमार आणि आजार एकदम. तर स्वयंसेवकांच्या तुकड्या पाठोपाठ जातात, घरोघरी फिरून आजारी पोर हुडकायचं, आणि आरोग्य केंद्रापर्यंत पोचवायचं. थोड्याच दिवसांसाठी गेलेल्या माणसाचा पण उपयोग होतो, कारण तुझ्या वहीतलं पुढच्या तुकडीच्या वहीत जातं. आणि गावात राहणारी स्थानिक माणसं वर्षभर असतातच. फोटोला तिथं फारसं काही नाही, चिखल आणि जळवा.

निवृत्त_मास्तर
चिपकोवाल्या चमोलीतही हेच होतं. चंडीप्रसाद भट्टांचं दशोली ग्राम स्वराज्य मंडळ वृक्षारोपणाची शिबिरं घ्यायचं, बाहेरून कॉलेजची पोरं यायची, गावाबरोबर खड्डे खणायची. पोरं परत गेली तरी रोपं जगवायला गावातल्या बायका होत्या, चाऱ्या-लाकडासाठी त्यांनाच ती झाडं पाहिजे होती.

पार्क_चौक
हे सगळं ठीक आहे, पण माझी शंका कायम आहे. चांगल्या संस्थेकडं पण शंभर पोरं गेली तर गावाचं होणार काय? पाणी किती, संडास किती? तिकडं कोरडे संडास असतात, खत शेतात जातं, आपली पोरं तिथं बाटलीभर पाणी ओतून येतात.

हिमालय_वारी
म्हणून तर चांगल्या ठिकाणी सगळ्यांना घेत नाहीत. नाही म्हणणारी संस्था असेल तर तिच्यावर जास्त विश्वास ठेवा.

जुळे_सोलापूरकर
अपडेट देतो. कंपनीला फोन केला. गावाला किती पैसे जातात विचारलं तर म्हणे सर, ते ऑपरेशनल कॉस्टमध्ये येतं. शाळेच्या हेडमास्तरांचं पत्र आहे का विचारलं तर म्हणे आमचे फार चांगले रिलेशन आहेत. मागच्या बॅचनं काय केलं विचारलं तर ड्राइव्हची लिंक पाठवली, उघडली तर सगळे फोटो. एका फोटोत तीच भिंत आहे जी यंदा रंगवायची आहे, ती आत्ताच रंगवलेली दिसतीय. ॲडव्हान्स भरला नव्हता हे बरं.

जुळेकरांची_कन्या
माझं पण अपडेट. काझातल्या एका ग्रुपला मेल टाकला होता, तीन दिवसांनी उत्तर आलं, नेटवर्क नव्हतं म्हणे. त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारलेत. मातीकाम केलंय का, किती उंचीपर्यंत गेलीयस, एक महिन्यापेक्षा कमी येणार असशील तर नको, पहिले दोन दिवस काम नाही नुसती विश्रांती, राहायचे-जेवायचे पैसे थेट घरमालकिणीला द्यायचे. आणि शाळेत शिकवायला पाठवत नाही, विचारू पण नकोस, असं स्पष्ट लिहिलंय 😅 मी सर्व्हेचे मार्क आणि साइट ट्रेनिंगचं सगळं कळवलंय. आई उंचीवरच अडून बसलीय.

पांढरा_एप्रन
आईचं बरोबरच आहे. आपलं सोलापूर साडेचारशे-पाचशे मीटरवर आणि काझा साडेतीन हजारांच्याही वर. मनालीवरून एकदम वर चढू नकोस, शिमला-किन्नौरच्या रस्त्यानं हळूहळू जा, मधे एक-दोन मुक्काम कर. डोकं दुखून उलटी झाली तर हट्ट न करता खाली उतरायचं. डायमॉक्स (उंची बाधू नये म्हणून घ्यायची गोळी) डॉक्टरांना विचारूनच, मेडिकलवाल्याला विचारून नाही.

हिमालय_वारी
शिमला, मग रेकाँग पिओ, तिथून काझाला एचआरटीसीची (हिमाचलच्या एसटीची) बस मिळते. जूनमध्ये मनालीकडची कुंझुम खिंड उघडेल की नाही त्यावर अवलंबून राहायचं नाही, किन्नौरचा रस्ता बरा, दरड पडली तर एखादा दिवस हातात ठेव. रोख पैसे ठेव, एटीएम असतं पण त्यात पैसे असतील याची खात्री नाही. सोलापुरी चादर घेऊ नको, तिथं जाड रजया देतात, थर्मल आणि विंडचीटर घे.

कडक_भाकरी
आणि काका, दिल्लीपर्यंत कर्नाटक एक्सप्रेस घ्या, सोलापुरात थांबते. रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधीच उघडतं, जूनच्या सुट्टीत सकाळी आठला बसलात तरच कन्फर्म, नाहीतर वेटिंगवर पोरगी नागपूरपर्यंत उभी.

बार्शी_लाईट
कर्नाटक एक्सप्रेस नागपूरला जात नाही बे, दौंड-मनमाडवरनं जाते.